कीबोर्ड आणि माउस एकाच वेळी बंद पडल्यास

घरच्या संगणकाचा कीबोर्ड आणि माउस एकदम चालेनासे झाले, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार नवा संच विकत आणण्याचा येतो. तो थोडा लांबणीवर टाकावा, कारण दोन स्वतंत्र वस्तू एकाच मिनिटाला बिघडण्याची शक्यता फार कमी असते. त्याऐवजी त्या दोन्ही ज्यावर अवलंबून असतात तिथे, म्हणजे सामाईक वायरलेस रिसीव्हर (बिनतारी संचाचे संदेश घेणारा, यूएसबीत लावायचा छोटा तुकडा), यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा जोड), मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरील) यूएसबीची यंत्रणा किंवा खुद्द विंडोज यांत, आधी दोष शोधावा. दोहोंपैकी एकच बंद असेल तर मात्र संशय त्या वस्तूवर, तिच्या वायरवर किंवा बॅटरीवर घ्यावा.

सुरुवात कॅप्स लॉकच्या दिव्यापासून करावी. यूएसबी कीबोर्डवरचा हा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मर्जीने लावत नाही; कळ दाबल्याची खबर संगणकाकडे जाते आणि दिवा लावण्याचा किंवा विझवण्याचा हुकूम तिकडून परत येतो. त्यामुळे प्रत्येक वेळी कळ दाबल्यावर दिवा बदलत असेल, तर कीबोर्ड, वायर आणि पोर्ट ठीक असून समोर उघडलेला एखादा प्रोग्रामच अडकला आहे, असे धरून चालायला हरकत नाही. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तो प्रोग्राम बंद करावा. माउसच्या पोटाखालचा लाल दिवा मात्र एवढे सांगत नाही. तो केवळ वीज पोहोचत असल्याची खूण आहे.

दिवा बदलत नसेल तर पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहावे. घड्याळ पुढे सरकत असेल किंवा चालू असलेला व्हिडिओ अडखळत नसेल, तर संगणक जागा आहे आणि फक्त जोडणी तुटली आहे. घड्याळही थांबले असेल तर संगणक हँग झाला आहे. तरीही कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर पाचेक मिनिटे वाट पाहावी, कारण जुन्या हार्ड डिस्कचे संगणक पुष्कळदा आपोआप सावरतात. पडदा पूर्ण काळा असल्यास संगणक केवळ झोपलेला असू शकतो, म्हणून पॉवरचे बटण एकदा हलकेच दाबून पाहावे.

जोडणी तपासताना वायर नुसती हलवून उपयोग होत नाही. दोन्ही प्लग पूर्ण काढावेत, हब किंवा एक्स्टेन्शन वायर मध्ये असेल तर ती बाजूला ठेवावी आणि प्लग कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये थेट लावावेत. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच बसवलेले असतात, तर पुढचे पोर्ट आतल्या एका वायरने जोडलेले असतात आणि ती वायर सैल झाली की सगळे एकदम निकामी होतात. पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम अशी बाकीची यूएसबी उपकरणेही काढून ठेवावीत, कारण आत शॉर्ट झालेले एखादे उपकरण इतर पोर्टही बंद पाडू शकते. जुन्या संगणकांवर जांभळ्या आणि हिरव्या रंगाची गोल पीएस/२ खोबण असते. जांभळी कीबोर्डची, हिरवी माउसची. ही जोडणी संगणक बंद करूनच काढावी-लावावी, कारण चालू असताना लावलेली वस्तू पुन्हा सुरू केल्याखेरीज बहुधा ओळखली जात नाही.

वायरलेस संचात बॅटरी बदलून पाहणे ओघानेच आले. त्यापेक्षा कमी लक्षात येणारे कारण म्हणजे रिसीव्हरची जागा. हे रिसीव्हर बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि यूएसबी ३.० ची पोर्ट, वायर व हार्ड डिस्क त्याच पट्ट्यात विद्युत गोंगाट करतात. रिसीव्हर निळ्या यूएसबी ३.० पोर्टातून काढून काळ्या २.० पोर्टात लावला, किंवा छोट्या एक्स्टेन्शनने टेबलावर आणला, की पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

एवढ्याने भागले नाही तर संगणक बंद करावा लागेल. पॉवरचे बटण प्रथम एकदाच दाबावे. अनेक संगणकांवर त्याने विंडोज नीट बंद होते. तसे झाले नाही तरच ते दहा सेकंद दाबून धरावे, मात्र न साठवलेले काम त्यात जाईल. मग भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा, पॉवरचे बटण आणखी अर्धा मिनिट दाबून उरलेली वीज निघू द्यावी आणि पुन्हा जोडावे.

आता खरी निवाड्याची चाचणी. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ही कळ वारंवार दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, शिरावे. कोणती कळ लागते ते बऱ्याचदा पहिल्या पडद्यावर लिहिलेले असते. तिथे विंडोज नसते. तिथे कीबोर्ड चालला आणि विंडोजमध्ये चालला नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा. तिथेही चालला नाही आणि तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकावर चालला, तर दोष पोर्टांचा किंवा मदरबोर्डचा.

दोष विंडोजमध्ये असेल आणि निदान माउस चालत असेल, तर लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली असलेल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून पासवर्ड भरता येतो. उलट फक्त कीबोर्ड चालत असेल, तर डावे ऑल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून माउस कीज सुरू कराव्यात, म्हणजे उजवीकडच्या अंकांच्या कळांनी बाण हलतो. आत गेल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधील उपकरणांच्या यादीत, कीबोर्ड व माउसच्या नोंदी पाहाव्यात, पिवळे चिन्ह असलेली नोंद अनइन्स्टॉल करावी आणि रीस्टार्ट करावे. येथे शट डाउन नव्हे, रीस्टार्टच निवडावे. फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून विंडोजने दिलेली सोय) चालू असताना शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि बिघडलेली स्थिती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत येऊ शकते. संगणक झोपेतून उठल्यावरच त्रास होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधील यूएसबी रूट हब या नोंदीच्या पॉवर मॅनेजमेंटमधील वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाकावी. फिल्टर कीजही तपासाव्यात: उजवे शिफ्ट आठ सेकंद दाबले गेले की ही सोय सुरू होऊ शकते (कीबोर्डवर ठेवलेले पुस्तकही त्याला पुरते), आणि मग पटकन दाबलेल्या कळांची दखलच घेतली जात नाही.

अपडेटनंतर लगेच बिघाड झाला असेल तर अपडेटवर संशय घेणे गैर नाही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या सुरक्षा अपडेटनंतर रिकव्हरीच्या पडद्यावर, म्हणजे जिथे दुरुस्तीसाठी जायचे तिथेच, यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते. नेहमीच्या विंडोजमध्ये ते व्यवस्थित चालत होते. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला केबी५०७०७७३ हे दुरुस्ती-अपडेट दिले.

कीबोर्डवर चहा सांडला असेल तर वरचे काहीही न करता आधी वायर काढावी, तो पालथा ठेवावा आणि निदान एक-दोन दिवस पंख्याखाली वाळू द्यावा. साखरेच्या चहाने चिकटलेला साधा कीबोर्ड दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच स्वस्त पडते. मदरबोर्डची यूएसबी पोर्ट कायमची गेली असतील, तर मदरबोर्ड बदलण्याआधी मदरबोर्डवरील रिकाम्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत (जादा कार्ड बसवण्याच्या जागेत) वेगळे यूएसबी कार्ड बसवता येईल का, हे दुरुस्तीवाल्याला अवश्य विचारावे.