टॉमकॅट चालू-बंद कसं करायचं? विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर

कोल्हापुरात उद्यमनगरात नाहीतर गोकुळ शिरगावला कुठल्याबी कारखान्याच्या ऑफिसात जावा, कोपऱ्यात एक पीसी असतोयच ज्यावर कागद चिकटवलेला असतो, "बंद करू नये". त्यावर बिलिंगचं नाहीतर स्टॉकचं सॉफ्टवेअर चालू असतं, बऱ्याचदा टॉमकॅटवर (जावातली वेब सॉफ्टवेअर चालवणारा सर्व्हर), आणि मागं डेटा ठेवायला मायएसक्यूएल. एक दिवस ते अडकतं, सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही आणि मालक म्हणतो "बंद करून चालू कर की". ते नीट कसं करायचं तेवढंच सांगतो. कमांड इथं बोलतो तशा लिहिल्यात, टाईप करताना इंग्रजीत आणि स्मॉल लेटरमध्ये, आणि "उणे" म्हणजे आडवी रेघ (-).

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, ज्या वाटेनं चालू केलंय त्याच वाटेनं बंद करायचं. सर्व्हिस म्हणून (म्हणजे मशीन स्वतःच मागं गुपचूप चालवतं तसं) चालू असेल तर सर्व्हिसमधनंच, काळ्या खिडकीतनं (कमांड प्रॉम्प्ट) चालू केलं असेल तर तिथनंच. निम्मे घोळ हिथंच होतात, एकजण सर्व्हिस चालू ठेवतो, दुसरा येऊन चालू करायच्या फाईलवर डबल क्लिक करतो आणि मग पोर्ट ८०८० (टॉमकॅट ज्या नंबरच्या दारावर ऐकतं तो) आधीच वापरात आहे म्हणून एरर येते.

विंडोजवर आधी बघा सर्व्हिस आहे का. विंडोज बटण आणि आर दाबा, सर्व्हिसेस डॉट एमएससी टाका, यादीत अपाचे टॉमकॅट दिसलं तर राईट क्लिक करून स्टॉप, थोडं थांबून स्टार्ट, झालं काम. स्टार्टअप टाईप ऑटोमॅटिक असला की पीसी चालू झाल्यावर कुणी लॉगिन केलं नाही तरी ते आपोआप चालू होतं. मायएसक्यूएल उठायला वेळ लावत असेल आणि टॉमकॅट आधीच धावत सुटत असेल तर टॉमकॅटला ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट करा, सकाळी सकाळी येणारी डेटाबेस कनेक्शनची एरर बऱ्याच वेळा यानंच जाते.

सर्व्हिस नसेल तर टॉमकॅटच्या फोल्डरात बिन नावाचं फोल्डर असतं, त्यात स्टार्टअप डॉट बॅट आणि शटडाऊन डॉट बॅट. डबल क्लिक केल्यावर खिडकी चमकून गायब झाली तर बहुतेक जावा होम (मशीनवर जावा कुठं आहे ते सांगणारं सेटिंग) सेट नसतंय, पण एरर वाचायलाच मिळत नाही, म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून, त्या फोल्डरात जाऊन तिथनं चालवा, मग कारण समोर दिसतं. शटडाऊन डॉट बॅट पोर्ट ८००५ वर बंद होण्याचा निरोप पाठवतं, पण सर्व्हर डॉट एक्सएमएल फाईलमध्ये तो पोर्ट उणे १ केला असेल तर निरोप पोचतच नाही, मग काळ्या खिडकीत कंट्रोल सी दाबायचं. फुलीवर क्लिक करून खिडकी बंद करू नका, चालू कामं आवरायला टॉमकॅटला पुरेसा वेळ मिळेलच असं नाही.

तरीबी जात नसेल तर नेटस्टॅट उणे एएनओ मारा, ८०८० च्या ओळीत शेवटी जो आकडा असतो तो प्रोसेस आयडी, टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये तोच आकडा शोधून एंड टास्क. हा अगदी शेवटचा उपाय हां.

लिनक्सवर मात्र मजा आहे, सगळं एका ओळीत. सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप टॉमकॅट१०, चालू करायला स्टार्ट, हालचाल बघायला स्टेटस (व्हर्जनप्रमाणं नाव टॉमकॅट९ वगैरे असेल). स्टार्ट म्हणजे फक्त आत्तापुरतं, मशीन रीबूट झाल्यावर आपोआप चालू पाहिजे तर इनेबल वेगळं करावं लागतंय, हे लई जण विसरतात. स्टॉप दिल्यावर सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) आधी सभ्यपणे बंद हो म्हणून सांगतं, डिफॉल्ट ९० सेकंद वाट बघतं आणि मगच जबरदस्तीनं मारतं, म्हणून कर्सर अडकल्यासारखा दिसला तर लगेच घाबरू नका. आणि किल उणे ९ (प्रोसेस जबरदस्तीनं मारायची कमांड) चा नाद सोडा, सर्व्हिसच्या फाईलमध्ये रीस्टार्ट लिहिलेलं असेल तर मारलेली प्रोसेस रक्तबीजासारखी परत उभी राहते. का पडलं ते बघायला जर्नलसीटीएल उणे यू आणि पुढं सर्व्हिसचं नाव.

मॅक कारखान्यात कोण ठेवत नाही, पण डेव्हलपर पोरांकडं असतो. होमब्रूनं (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) टाकलं असेल तर ब्रू सर्व्हिसेस स्टार्ट टॉमकॅट, तसंच स्टॉप. लॉगिनला आपोआप नको असेल तर स्टार्टच्या जागी रन.

आता लाईटचं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तसं काही असू दे नाहीतर साधी लाईट जाऊ दे, यूपीएस ओरडायला लागला की आधी टॉमकॅट बंद, मग मायएसक्यूएल, मग मशीन, आणि चालू करताना बरोबर उलटं. मायएसक्यूएल मधेच झटक्यात बंद पडलं असेल तर पुढच्या वेळी चालू होताना अर्धवट राहिलेले व्यवहार ते स्वतःच तपासून नीट करतं आणि डेटा जास्त असला तर त्याला वेळ लागतो. सर्व्हिस बराच वेळ "स्टार्टिंग" दाखवत बसली तरी तिला मारू नका, एरर लॉगमध्ये कनेक्शन घ्यायला तयार असल्याची ओळ आली की मग टॉमकॅट चालू करा.