टीव्हीखाली गेमिंग पीसी: कन्सोलला पर्याय ठरेल असा

बटण दाबलं की खेळ सुरू, ही कन्सोलची (प्लेस्टेशन, एक्सबॉक्सची) सोय पीसीत आयती मिळत नाही, ती जमवावी लागते. त्या बदल्यात तीन-चार वर्षांनी फक्त ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) बदलून भागतं.

आधी टीव्ही युनिटचा कप्पा मोजा. मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराचा मदरबोर्ड पीसीच्या लहान कॅबिनेटमध्ये बसतो, पण त्यावर रॅमचे दोनच स्लॉट असतात. म्हणून सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन स्टिक घ्या. ७५० वॅटचा एसएफएक्स (लहान कॅबिनेटसाठीचा) पॉवर सप्लाय घेतलात तर पुढचं कार्डही बहुधा त्यावर चालेल. इथे पैसे वाचवू नका. कार्डची लांबी आणि जाडी कॅबिनेटच्या मापाशी ताडूनच ऑर्डर द्या.

नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात खरी परीक्षा गरमीची. बंद कप्प्यात तीच गरम हवा फिरत राहते, कार्ड स्वतःचा वेग कमी करतं आणि गेम अडखळतो. मागची फळी काढा, बाजूंना निदान दहा सेंटिमीटर मोकळे सोडा. कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा झटका.

एचडीएमआय केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावा. ही चूक फार होते. फोर-केला १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) हवं असेल तर कार्ड, केबल आणि टीव्हीचा पोर्ट तिन्ही एचडीएमआय २.१ लागतात; बऱ्याच टीव्हींवर असे पोर्ट एक-दोनच असतात. टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते.

स्टीम (पीसीवर गेम विकत घेण्याचं आणि चालवण्याचं ॲप) विंडोजबरोबरच बिग पिक्चर मोडमध्ये, म्हणजे टीव्ही आणि कंट्रोलरसाठीच्या मोठ्या स्क्रीनवर, उघडेल असं ठेवा. कंट्रोलरचं कनेक्शन मध्येच तुटत असेल तर ब्लूटूथचा अँटेना कॅबिनेटमागून पुढे आणा.