पॉवर स्टिअरिंगचा पंप बदलायला शिकताना

आयटीआय करून गॅरेजात आलेली पोरं कधीकधी स्विफ्टचं बॉनेट उघडून पॉवर स्टिअरिंगचा पंप शोधत बसतात. तिथे तो नसतोच, इलेक्ट्रिक मोटर असते. ऑईलवर चालणारा पंप शिकायचा तर जुनी बोलेरो, सुमो नाहीतर क्वालिस हाती लागायला हवी.

गिऱ्हाईक ‘पंप गेला’ म्हणालं म्हणून लगेच पाना हातात घेऊ नका. बेल्ट ढिला असला तरी स्टिअरिंग पूर्ण वळवताना किंचाळतो. टाकीत ऑईल कमी असलं किंवा होजची क्लिप सैल असली, तरी पंप घुरघुरतो. हे सगळं तपासून झालं की मगच खोला.

खोलण्यात फारसं काही नाही. बेल्ट, रिटर्न होज (ऑईल टाकीत परत आणणारी नळी), प्रेशर लाइन (पंपातून दाबाचं ऑईल नेणारी), बोल्ट, झालं. पुली, म्हणजे बेल्टचं चाक, मात्र पुलरनेच (ओढून काढायच्या अवजारानेच) काढा. काही उस्ताद हातोडीने ठोकतात. तो मार थेट शाफ्टला आणि आतल्या बेअरिंगला बसतो. नव्या पंपाची बॉडी बहुधा ॲल्युमिनियमची, त्यामुळे बोल्ट आधी हाताने फिरवून आटे बसलेत याची खात्री करा. प्रेशर लाइनला तांब्याचे वॉशर असतील तर नवेच टाका. जुने दाबले गेलेले असतात, तिथूनच गळतं.

खरी मेहनत पुढे आहे. जुना पंप झिजून गेला असेल, तर त्याचा चुरा लाइनमध्ये आणि टाकीच्या जाळीत असतो. टाकी धुवा, रिटर्न होज बाटलीत सोडून जुनं ऑईल पार बाहेर काढा. हे टाळलंत तर नवा पंपही त्याच वाटेने जातो. ऑईल कोणतं, ते कंपनीने सांगितलेलंच. ‘रंग लाल आहे ना’ म्हणून दुसरं ओतायचं नाही.

मग हवा काढणं. पुढची चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. इंजिन बंद ठेवून एकाने स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने टाकीवर नजर ठेवून ऑईल भरत राहायचं. बुडबुडे थांबले की इंजिन चालू. ऑईल दुधाळ दिसलं तर आत हवा आहे. बंद करून फेस बसू द्या, मग पुन्हा. स्टिअरिंग टोकाला दाबून धरू नका, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडून ऑईल तापतं.

चार दिवसांनी गाडी परत बोलवा. बेल्ट नवा टाकला असेल तर तो थोडा सैलावतोच.