पिकअपच्या हौद्यावरील तंबूचा रॅक सरकतो, करकरतो : माझा अनुभव

डबल कॅब पिकअपच्या हौद्यावर रॅक बसवून त्यावर सुमारे 60 किलोंचा रूफटॉप तंबू लावल्यापासून घाटातल्या प्रत्येक वळणावर करकर ऐकू येत असे आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत रॅक एका बाजूला बोटभर सरकलेला असे. नट अधिक आवळून, थ्रेडलॉकर (नट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून, जाड रबर घालून पाहिले. रबराने तर दुखणे वाढवलेच. तंबू उघडण्याआधी दर वेळी पाना शोधण्याचा अक्षरशः वीट आला होता.

शेवटी कारण सापडले: हौद्याच्या काठावरून वळलेली प्लास्टिक लायनरची (हौद्याच्या अस्तराची) कड, रॅक काठाला पकडणारे क्लॅम्प आणि पत्रा यांच्यामध्ये येत होती. उन्हात तापलेले प्लास्टिक दाबाखाली हळूहळू चेपते आणि बोल्टचा ताण निघून जातो.

तंबू व रॅक उतरवून क्लॅम्पच्या जागेपुरतेच लायनर कापले आणि उघड्या पत्र्यावर रंगाचा हात देऊन तो पूर्ण वाळू दिला. मग काठाच्या आतून पोलादी पट्टीचा आधार देऊन क्लॅम्प हातानेच लावले, रॅकचे दोन्ही कर्ण टेपने मोजून समान केले आणि त्यानंतरच बोल्ट तिरक्या क्रमाने, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), रॅकच्या माहितीपत्रकातील आकड्यापर्यंत आवळले. तंबूचे 8 मिमी बोल्ट नायलॉक नटांसह (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे नट) 13 च्या पान्याने सर्वांत शेवटी घट्ट केले आणि शंभरेक किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासले.

रॅकचा एकही पाय केबिनच्या छतावर टेकवू नये, कारण चॅसीवर केबिन आणि हौदा स्वतंत्रपणे हलतात. भारक्षमता पाहताना चालत्या गाडीचा आकडा धरावा; उभ्या गाडीचा आकडा मोठा असतो, आणि विक्रेते बहुधा तोच आधी सांगतात.