सेकंड हँड गाडी घेताय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

"डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड, रविवारीच काय ती बाहेर निघायची." एवढं ऐकलं की आपल्याकडं निम्मा सौदा झालेला असतो. राहिलेला निम्मा 'एमएच ०९ पासिंग' बघून होतो. कागल नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज जायला-यायला छोटी गाडी शोधणारा माणूस मालकाची सात पिढ्यांची चौकशी करतो आणि गाडीखाली वाकून बघायचं विसरतो. मालक सज्जन असेलही, पण उद्या क्लचप्लेट बदलायचे पैसे आपल्या खिशातून जाणार आहेत.

पुराचं पाणी न शोधणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेनं काय केलं ते इथं सांगायला नको. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, तिकडं आंबेवाडी-चिखली. किती गाड्या दारातच बुडाल्या. सांगलीत तेच झालं, २०२१ ला चिपळुणातही. त्यातल्या बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. म्हणून गाडीची नोंदणी या तारखांच्या आधीची असेल तर पाणी शिरलं होतं हे गृहीत धरूनच तपासणी सुरू करा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वरचा भाग सगळे पुसतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच राहते. पुढच्या सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट गंजलेत का ते मोबाईलच्या टॉर्चनं बघा. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत माती आहे का बघा. डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं, तर मालक कितीही गोड बोलला तरी परत फिरा. आठ वर्षांच्या गाडीत कार्पेट तेवढं कोरं करकरीत आणि आत अत्तराचा घमघमाट असेल, तर काच बंद करून थोडा वेळ एसी लावा. कुबट वास लपत नाही. अशी गाडी घेतल्या-घेतल्या चांगलीच पळते, ही खरी अडचण. वायरिंग आणि सेन्सर पुढं हळूहळू त्रास द्यायला लागतात.

तापलेलं इंजिन बघणं

आपण पोचायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलेली असते. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर "उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका" म्हणायचं. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधाळ चहासारखा थर दिसला तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही. रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनवर कधीही उघडू नका, हात भाजतो.

रंकाळ्याभोवती एक चक्कर मारून खूश होणं

सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या झकास वाटतात. पन्हाळा नाहीतर जोतिबाच्या चढाला न्या, आपली चार माणसं बसवून, एसी लावून. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, गाडी एका अंगाला ओढते का ते बघा. मालक घाटात न्यायला नाही म्हणत असेल, तर तेही उत्तरच आहे.

मीटरवर विश्वास ठेवणं

किलोमीटर मागं फिरवणं अवघड राहिलेलं नाही. ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत आणि मीटरवर तीस हजार, हे जमत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. कमी पळालेल्या गाडीचे चारही टायर नुकतेच बदललेले असतील तर का, ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली जुनी बिलं मालकाकडून मागून घ्या. प्रत्येक बिलावर किलोमीटर असतात, आणि पुरानंतरचं एखादं भलंमोठं बिलही त्यातच सापडतं.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका. रोजचं जाणं-येणं शहरातल्या शहरात असेल तर तिचा काजळीचा फिल्टर तुंबतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते.

कागद बघायच्या आधी इसार देणं

पाच हजार का असेनात, इसार दिला की माणूस अडकतो. आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढं जाऊ नका. ई-चलन थकलंय का तेही ऑनलाइन दिसतं. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी.

निपाणी-बेळगावकडची केए पासिंगची गाडी बघायला जवळ आणि किमतीला हलकी असते. पण कायमची इकडं आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं भरावा लागतो. तो किमतीत मिळवून मगच स्वस्त म्हणा.

मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी तशीच फिरवणारे खूप आहेत. ट्रान्सफर लगेच करा आणि विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर गाडी ठोकल्यावर तिच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडंच राहतो, त्यामुळं हप्त्यातला फरक भरायची तयारी ठेवा. त्याचा फास्टॅगही बंद करायला सांगून स्वतःचा नवा घ्या.