रिटायर व्हायच्या आधीच रंधा हातात घ्या

सिंदेवाही तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी ३१ वर्षं एएनएम होते. गावात अजूनही मला नावानं कोणी हाक मारत नाही, नर्सबाईच म्हणतात. ५८ पूर्ण झाल्यावर निरोपाला साडी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तोवर माझ्या पडवीत दोन वर्षांपासून लाकूड तासायचा एक रंधा, दोन पटाश्या (सपाट धारेच्या छिन्न्या) आणि पाय न बसवलेलं एक स्टूल पडून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी त्या स्टुलाचे पाय बसवायला घेतले.

"लाकूडकामाची लय हौस आहे, पण रिटायर झाल्यावर पाहू," असं म्हणणारे मला सारखे भेटतात. त्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे की थांबू नका. नोकरीची दोन-तीन वर्षं उरली असतानाच सुरू करा. रिटायर झालं की घरचे, नातेवाईक आणि शेती तुमचा वेळ आधीच वाटून घेतात. धानाची रोवणी आहे, नातवाला शाळेतून आणायचं आहे, कोणाच्या लग्नाला जायचं आहे. त्यात नवीन छंदाला जागा मिळत नाही, जुन्या छंदाला मिळते. रविवारी बाई पडवीत ठोकठोक करते याची घराला आधीपासून सवय असली की कोणी काही म्हणत नाही.

आणखी एक कारण पैशाचं आहे. ग्रॅच्युइटी एकदम हातात येते आणि माणूस शहरात जाऊन कटर, प्लेनर, राउटर सगळं एका दमात घेऊन येतो. आमच्या ओळखीत एकानं असंच केलं. ती मशीन आज तांदळाच्या पोत्यांमागं उभी आहे. पगार चालू असताना महिन्याला एक हत्यार घ्या. त्या हत्याराचं काम हाताला बसलं की मगच पुढचं.

सुरुवातीला एवढंच पुरे: एक लोखंडी रंधा, अर्धा इंच आणि एक इंच अशा दोन पटाश्या, बारीक दात्यांची करवत, काटकोन पाहायचा गुण्या, हातोडी, लाकूड आवळून धरायचे दोन शिकंजे, आणि धार लावायचा दोन बाजूंचा दगड. दगडाच्या पैशात काटकसर करू नका. बोथट हत्याराला जास्त जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते सटकतं. सटकलेल्या हत्यारानं झालेल्या जखमा मी नोकरीत पुष्कळ बांधल्या आहेत, धारदार हत्यारानं झालेल्या त्यामानानं कमी.

पटाशीचा उतार, म्हणजे धारेकडचा तिरपा भाग, साधारण २५ अंशांचा ठेवतात. कोन मोजायला काही लागत नाही. पातं जेवढं जाड, त्याच्या जवळजवळ अडीचपट लांब उतार दिसला पाहिजे. पातं ३ मिलिमीटर असेल तर उतार ७ मिलिमीटर. आधी दगडाच्या खरबरीत बाजूवर, मग बारीक बाजूवर घासा. पात्याची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून घासायला विसरू नका, नव्या माणसाची चूक नेमकी तिथंच होते. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून पाहा. फाटला तर पुन्हा दगडाकडे जा. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. सागावर काम करताना तासाभरानं धार पाहायची सवय लावून घ्या.

शिकायचं कोणाकडून? मोबाइलवर व्हिडिओ पुष्कळ आहेत, मीही पाहते. पण गावात वाढई आहे ना! आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. आमचे वाढईकाका सत्तरीचे आहेत. बंड्यांची चाकं, वखरं, पाळणे, दारं, सगळं त्यांनी केलं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी मला हत्यार धरूच दिलं नाही. म्हणाले, "नर्सबाई, मोबाइल पाहून रंधा येत नाही जी. आधी फळीवर निसता हात फिरवा. रेघ कोणीकडे पडली ते बोटाले समजू द्या." मला नस शोधायची सवय होती, त्यामुळे ते लवकर समजलं. एका बाजूनं हात फिरवला की गुळगुळीत लागतं, उलट फिरवला की बारीक कुसळं टोचतात. रंधा गुळगुळीत बाजूनं चालवायचा. छिलका तुटून लाकूड उचकटायला लागलं तर जोर लावू नका, फळी उलटी फिरवा.

काकांना मी दर रविवारचे पैसे देते. ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही. त्यांनी आयुष्यभर जे विकून घर चालवलं तेच मी फुकट कसं घेणार? याबद्दल पुढे आणखी बोलायचं आहे.

लाकूड

आमचा चंद्रपूर जिल्हा म्हणजे सागाचं माहेर. बल्लारपूरच्या डेपोतून २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं तेव्हा गावोगावी लोक रस्त्यावर उभे होते. पण शिकताना नवं सागवान घेऊ नका, ते फार महाग आहे. घरकुलाचं पक्कं घर झालं की लोक जुनं कवेलूचं घर पाडतात. त्यातून छपराचे फाटे, मयाली (तुळया), चौकटी निघतात. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं ते लाकूड आता फारसं हलत नाही. घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. उदई (वाळवी) लागली आहे का ते ठोकून ऐका, पोकळ आवाज आला की सोडून द्या. आणि खिळे. मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून फळीवर फिरवते, पुरलेला खिळा लगेच कळतो. एक खिळा रंध्याखाली आला की अर्धा दिवस धार लावण्यात जातो.

नवं लाकूड लागलंच तर परवाना असलेल्या आरामशीनवरूनच, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवरूनच, घ्या आणि बिल जपून ठेवा. सागवान एका गावातून दुसऱ्या गावी न्यायचं तर वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो लागतो. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही आधी परवानगी घ्यावी लागते. जंगलातून ओंडका उचलून आणायचा विचारही करू नका. कायदा तर आहेच, आणि आमच्या भागात वाघ आहे. सरपणाला गेलेली माणसं परत आली नाहीत अशी घरं मी नोकरीत पाहिली आहेत.

ओलं लाकूड मिळालं तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष सावलीत वाळू द्या. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून थप्पी लावा, म्हणजे हवा खेळते.

घनफुटाचा हिशेब शिकून घ्या, नाहीतर आरामशीनवर नुसती मान डोलवावी लागते. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून १४४ नं भागा. ८ फूट लांब, ९ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. गोल ओंडक्याचं मोजमाप वेगळं: घेर इंचात मोजून त्याचा चौथा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, फुटातल्या लांबीनं गुणा आणि १४४ नं भागा. यात ओंडक्याचं खरं माप थोडं कमीच धरलं जातं, शंभराला सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर, कारण कापताना भुसा आणि साल जाणारच असते.

सागाशिवायही लाकूड आहे. हत्यारांच्या दांड्याला धावडा घ्या, कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच करतात. शिवन हलकं आणि नरम, कोरायला चांगलं. बाभूळ चिवट आहे, ते शिकाऊ माणसाला दमवतं.

पहिलं काम: पाट

टेबल-खुर्ची नंतर करा, आधी जेवायला बसायचा पाट करा. १६ इंच लांब, १२ इंच रुंद, १ इंच जाड फळी आणि खाली १२ इंचाच्या दोन आडव्या पट्ट्या, दीड इंच उंच. घरात रोज वापरला जातो, त्यामुळे चूक असेल तर रोज दिसते.

माझा पहिला पाट श्रावणात झाला. पट्ट्या फेविकॉल लावून, वरून खिळे मारून घट्ट बसवल्या. एप्रिलच्या एका रात्री टक्कन आवाज आला. सकाळी पाहते तर पाट मधोमध उभा चिरलेला. काकांनी हात लावूनच सांगितलं की पट्ट्यांनी फळीला श्वास घेऊ दिला नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, आणि आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की आक्रसतं. पट्टी आडवी असते, ती आक्रसत नाही, आणि फळीला आक्रसू देत नाही. मग फळी चिरते.

म्हणून असं करा. पट्टीच्या मधोमध एक स्क्रू घट्ट बसवा. दोन्ही टोकांना पट्टीत भोक गोल न पाडता लांबट पाडा, फळीच्या रुंदीच्या दिशेनं, आणि त्यात वॉशर घालून स्क्रू बेताचाच आवळा. फेविकॉल अजिबात नको. आता फळी दोन्हीकडे सरकू शकते. हे एक समजलं की दार, कपाट, टेबल, सगळ्याचं अर्धं गणित समजलं.

काका जमिनीवर बसून, पायानं लाकूड धरून काम करतात. साठीच्या गुडघ्यांना नवीन माणसानं हा त्रास देऊ नये. जुन्या चौकटीचं एक भक्कम टेबल करून घ्या. सरळ उभं राहिल्यावर मनगट येतं तेवढी त्याची उंची ठेवा.

नर्स म्हणून चार शब्द. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या, हल्ली त्याला टीडी म्हणतात. कापलं तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उघडून पाहू नका, हळद-चुना भरू नका. पॉलिशपेपर मारताना तोंडाला मास्क हवाच. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर कर्करोगाचा धोका असतो. वाचायचा चष्मा म्हणजे सुरक्षेचा चष्मा नव्हे.

रविवारची माणसं

एकट्यानं काम करू नका. आमच्या पडवीत रविवारी काका धरून पाच जण असतो. एक एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हरभाऊ. ते पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "स्टेरिंग सोडलं तवापासून हाताले कामच नाही ना जी." दुसरे कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन, चार वर्षं उरली आहेत, सुट्टीला गावी येतात. तिसरा ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर ऑपरेटर, एकोणतीस वर्षांचा, कंत्राटी.

आम्ही एक नियम पाळतो आणि तुम्हीही पाळा. करवत, पटाशी चालू असताना कोणी बोलायचं नाही. माप घेताना तर नाहीच. गप्पा पॉलिशपेपर मारताना. त्या वेळी हात आपोआप चालतात आणि माणूस खरं बोलतो. ड्रायव्हरभाऊंनी रात्रीच्या गाडीसमोर आलेल्या रानगव्याची गोष्ट तेव्हाच सांगितली, आणि पीएफवाल्यांच्या ईपीएस-९५ च्या पेन्शनमध्ये महिना कसा बसवतात तेही. मी पुरात डोंग्यातून बाळंतिणीकडे गेले होते, ते घरी कधी बोलले नव्हते, इथं बोलले. खाणीतल्या भाऊंना रिटायरमेंटची भीती वाटते. पाळीचा भोंगा वाजला नाही तर उठायचं कशासाठी, असं ते विचारतात. आम्ही त्यांना उत्तर देत नाही, पुढच्या रविवारचं काम नेमून देतो.

त्या पोरानं एकदा विचारलं, "नोकरी सोडून फर्निचरच करू का?" काकांनी रंधा खाली ठेवला. म्हणाले, "हौसेचं काम तीन महिन्यात झालं तरी चालते. पोटाचं काम तीन दिवसात द्यावं लागते, गिऱ्हाईक भाव पाडते, अन् पावसाळ्यात काम नसते. एक वर्ष नोकरी करून, रात्री काम करून पाय. मंग ठरव." तो तेच करतो आहे.

आता मघाशी राहिलेलं. ज्यांना पेन्शन आहे त्यांनी गावात ऑर्डर घेऊ नये. आपलं घर पेन्शनवर चालतं, म्हणून आपण नुसत्या लाकडाच्या किमतीत पाळणा देऊ शकतो. मग वाढयाकडे कोण जाईल? प्लास्टिकच्या खुर्च्यांनी आणि तयार दारांनी त्यांचं काम आधीच कमी केलं आहे. लेकीला द्या, अंगणवाडीला द्या, शाळेला बाक दुरुस्त करून द्या. विकायचंच असेल तर वाढयाच्या भावानं विका, एक रुपया कमी नाही. मला कोणी पाळणा मागितला की मी काकांचं घर दाखवते.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. घाणीचं तेल चालतं. कापडानं पातळ थर द्या, वीस मिनिटांनी कोरड्या कापडानं सगळं पुसून काढा, काही दिवस वाळू द्या, पुन्हा द्या, असं तीनदा. पावसाळ्यात जास्त दिवस लागतात. आणि ते तेलकट कापड चुरगळून कोपऱ्यात टाकू नका! जवसाचं तेल वाळताना तापतं आणि घडी केलेलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं. ते दोरीवर मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. आमच्या पडवीत बादली रविवारी सकाळी सगळ्यात आधी भरली जाते, आणि ती भरायचं काम ड्रायव्हरभाऊंनी स्वतःकडे घेतलं आहे.