‘हरणे’, ‘हरवणे’ आणि ‘गमावणे’ : कोणते क्रियापद कुठे वापरावे

‘हरणे’ हे क्रियापद रोजच्या बोलण्यातले असले, तरी लिहायला बसल्यावर ‘भारत सामना हरला’ की ‘भारताने सामना हरला’, असा प्रश्न अनेकांना अडवतो. त्याचे उत्तर देण्याआधी एक खूणगाठ बांधावी : जिथे चुरस असते, मग ती खेळाची असो, पैजेची, खटल्याची, निवडणुकीची वा लढाईची, तिथेच ‘हरणे’ शोभते. छत्री हरत नाही, ती हरवते.

आता प्रयोगाकडे वळू. ‘भारताने सामना जिंकला’ या वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद सामन्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. बोलताना ‘आम्ही सामना जिंकलो’ असेही सर्रास म्हटले जाते. ‘हरणे’ मात्र, ‘शिकणे’ आणि ‘विसरणे’ यांच्याप्रमाणेच, कर्म घेऊनही भूतकाळात कर्तरी राहते. जसे ‘ती गाणे शिकली’, ‘तो कविता विसरला’, तसेच ‘ती खटला हरली’, ‘तो निवडणूक हरला’, ‘मी पैज हरलो’. त्यामुळे ‘त्याने पैज हरली’ हे वाक्य टाळावे. ‘ने’ हवाच असेल, तर ‘भारताने सामना गमावला’ असे लिहावे. ते निर्दोष आहे.

कर्म घेणाऱ्या ‘हरणे’चे सामर्थ्य पाहायचे असेल, तर महाभारताच्या सभापर्वातील द्यूताचा प्रसंग आठवावा. ‘धर्मराज आधी स्वतःला हरले की मला?’ हा द्रौपदीचा प्रश्न मराठीत असाच विचारावा लागतो, कारण इथे ‘हरणे’ म्हणजे पणाला लावून घालवणे. त्याच जागी ‘मला हरवले’ म्हटले, तर धर्मराजांनी द्रौपदीशी खेळून तिचाच पराभव केला, असा भलताच अर्थ निघेल.

‘हरवणे’चे दोन अर्थ आहेत आणि ते वाक्याच्या रचनेवरूनच ओळखू येतात. पराभव करणे या अर्थी कर्त्याला ‘ने’ आणि हरणाऱ्याला ‘ला’ लागतो : १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला झालेल्या एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला सहा गडी राखून हरवले. नाहीसे होणे या अर्थी हा ‘ला’ येत नाही. ‘जत्रेत तिचे मूल हरवले’ या वाक्याने काळजात धस्स होते. ‘तिने मुलाला हरवले’ म्हटले की मायलेकरांचा बुद्धिबळाचा डाव डोळ्यांपुढे येतो. ‘मी किल्ली हरवली’ हे चुकीचे नाही, पण ‘माझी किल्ली हरवली’ हे अधिक सहज वाटते, आणि दोष स्वतःकडे घ्यायचा असल्यास ‘माझ्याकडून किल्ली हरवली’ म्हणावे. पोलीस ठाण्यात तक्रार लिहिताना तर अधिकच सावध राहावे, कारण ‘मोबाईल हरवला’ आणि ‘मोबाईल चोरीला गेला’ या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत.

जे आपल्या हाती होते आणि गेले, त्यासाठी ‘गमावणे’ : संधी, नोकरी, विश्वास, जीव. अलीकडे मात्र या एकाच क्रियापदावर फार भार पडू लागला आहे. ‘त्याने वजन गमावले’ हे मराठी नव्हे. वजन घटते किंवा उतरते. ‘त्याने वडील गमावले’ हे वाक्य आता रुळले आहे, तरी ‘त्याचे पितृछत्र हरपले’ या वाक्यात जी माया आहे ती त्यात नाही, असे मला मनापासून वाटते. ‘हरपणे’ अशा मोठ्या आधारासाठी आणि देहभानासाठी राखून ठेवावे. ‘मुकणे’ला ‘ला’ किंवा ‘स’ लागतो : ‘तो प्राणास मुकला’, ‘दुखापतीमुळे ती स्पर्धेला मुकली’. उधार दिलेले पैसे, दिवसाची मजुरी आणि शाळा या तिन्ही गोष्टी बुडतात.

नामाच्या बाबतीत लिंग सांभाळावे. पराभव ती हार आणि फुलांचा तो हार, म्हणून ‘त्याची हार झाली’ आणि ‘त्याचा हार सुकला’. हार मानावी, पत्करावी किंवा खावी. माघार घेण्याच्या अर्थी ‘हार जाणे’ हा जुना प्रयोगही ‘संकटांपुढे हार न जाता’ यासारख्या वाक्यात आजही चपखल बसतो. दारुण पराभवासाठी तर १७६१ पासूनची जखम भाषेने जपून ठेवली आहे : निवडणुकीत एखाद्या पक्षाची धूळधाण झाली, तर त्याचे ‘पानिपत झाले’ असे म्हणतात, मात्र दोन-चार जागा कमी झाल्या म्हणून हा शब्द वापरू नये.